मुरमाच्या जमिनीवरची वर्तुळे

भंडारा जिल्ह्यात मुरूम कुठे सापडेल हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. धानाच्या बांद्या संपून जमीन जिथे थोडी वर चढते, काळी माती विरळ होत तांबूस खडा दिसू लागतो, बोरी-पळसाची खुरटी झाडे उभी असतात आणि उन्हाळ्यात गुरे फिरतात, तिथे हातभर खाली मुरूम असतोच. महसुली कागदांत अशी जमीन बहुतेकदा झुडपी जंगल किंवा गुरचरण म्हणून नोंदलेली असते. तिच्यात पीक येत नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या कोणी तिला नांगर लावला नाही.

नेमक्या अशाच जमिनीवर, विदर्भातल्या नद्या-नाल्यांच्या आसपास, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी माणसांनी आपल्या मृतांसाठी मोठमोठ्या दगडांची वर्तुळे मांडली आणि त्यांच्या पोटात माती, मुरूम आणि गोटे भरून उंचवटे उभे केले. त्यांचे राहणे पाण्याजवळ, कसदार जमिनीच्या कडेला होते. मृतांना जागा दिली ती खडकाळ चढावर. महापाषाणयुगीन शिळावर्तुळांचे विदर्भातले ठिकाण बहुतेक असेच असते. जमीन शेतीला निरुपयोगी होती म्हणून ती वर्तुळे टिकली. नांगर आला नाही, पाटाचे पाणी आले नाही, घरे आली नाहीत. आता रस्त्याच्या साइडपट्टीला, कालव्याच्या भरावाला, लेआऊटच्या सपाटीकरणाला मुरूम हवा झाला आणि त्याच जमिनीला भाव आला. जेसीबी आणि टिप्परच्या काही फेऱ्यांत एक वर्तुळ नाहीसे होऊ शकते, आणि ते नाहीसे झाले याची कुठल्याही कागदावर नोंद राहत नाही, कारण ते तिथे होते याचीच नोंद नसते.

हा धोका मला देवळाच्या पडक्या शिखरापेक्षा किंवा किल्ल्याच्या ढासळत्या बुरुजापेक्षा मोठा वाटतो. शिखर पडते तेव्हा गाव पाहते. बुरूज ढासळला तर छायाचित्र निघते, बातमी येते. मुरमाचा उंचवटा गेला तर जमीन सपाट झाली एवढेच दिसते, आणि सपाट जमीन आपल्याकडे प्रगतीची खूण मानली जाते.

ही वर्तुळे म्हणजे नुसते गोल मांडलेले दगड नव्हेत, हे आधी समजून घ्यायला हवे. नागपूरजवळच्या जुनापाणीपासून माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा अशा अनेक ठिकाणी उत्खनने झाली आहेत आणि त्यांतून या बांधणीची रीत बऱ्यापैकी उलगडली आहे. आधी जागा निवडायची. परिघावर मोठे धोंडे बसवायचे, कधी एकेरी, कधी दुहेरी ओळीत. मध्ये मृताचे अवशेष ठेवायचे. पुष्कळदा पूर्ण सांगाडा नसतो, निवडक हाडेच असतात, म्हणजे मृत्यू आणि हा विधी यांच्यात काही काळ गेलेला असावा. सोबत काळी-तांबडी मडकी, अभ्रकाची चमक असलेली लाल भांडी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, कट्यारी, छिन्न्या, तांब्याची झाकणे आणि घंटा, कार्नेलियनचे मणी. मग भराव. काही वर्तुळांत चिकट काळी माती आणि गोट्यांचे थर एकावर एक दिलेले आढळतात. मुरमाच्या माळावर काळी माती आपोआप येत नाही. ती कुणीतरी नाल्याकाठून, शेतातून उचलून टोपल्यांनी वर आणली आणि जाणूनबुजून दाबून बसवली. एका मृतासाठी सगळ्या वस्तीने केलेले हे श्रमाचे काम आहे, आणि त्या श्रमामुळेच मी त्याला स्मारक म्हणतो. दगड हा त्या स्मारकाचा किनारा. स्मारकाचे मुख्य अंग म्हणजे आतली माती.

माहूरझरीला शां. भा. देव यांनी १९७०-७२ मध्ये केलेल्या उत्खननात घोड्याचे अवशेष मिळाले, आणि त्या घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने, लोखंडी लगाम. घोड्याला सजवून मालकासोबत पुरले होते. नायकुंडला १९७८-८० च्या खोदकामात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, मातीच्या विटांची, भात्याच्या नळ्यांसकट. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, ज्याला आपण आज मागास भाग म्हणून हिणवतो त्या या प्रदेशात, धातुविद्या घरची होती. भागीमोहरीच्या वस्तीत गहू, जव, मसूर यांच्याबरोबर तांदळाचेही जळके दाणे मिळाले. धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकाने हे जरा थांबून वाचावे. आपल्या बांदीतला भात किती जुना आहे याचा एक पुरावा अशा मातीतच पुरलेला असतो, आणि माती उपसली की तो पुरावा रस्त्याखाली जातो.

इंग्रज अधिकाऱ्यांनी ही वर्तुळे लवकर हेरली. कामठी छावणीजवळच्या वारेगावला मेजर पीअर्स यांनी १८६७ मध्ये एक मोठे वर्तुळ उघडले. जुनापाणीची वर्तुळे रिव्हेट-कार्नॅक यांनी उकरली आणि १८७९ मध्ये त्यांवर लिहिले. दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांनी त्यांना इतके भारून टाकले की स्कॉटलंडमधल्या तशाच खुणांशी ते त्यांचे नाते जुळवू लागले. त्या तर्काला आज कोणी धरून बसत नाही. पण वर्तुळे पाहायला ते माळावर गेले, मोजमापे घेतली, नकाशे काढले, हे खरे. नंतर १९६१ मध्ये बा. कृ. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे जुनापाणीला शास्त्रशुद्ध उत्खनन केले. नागपूर विद्यापीठ आणि डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यापुढचे काम केले. विदर्भातले महापाषाणयुग हा भारतीय पुरातत्त्वात आज एक महत्त्वाचा विषय आहे. नागपूर जिल्ह्याला त्याचा मोठा वाटा मिळाला, कारण विद्यापीठ तिथे, रस्ते तिथे, अभ्यासक तिथे.

भंडारा मागे राहिला, पण रिकामा नव्हता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या इंग्रजी गॅझेटियरांत तिलोता खैरीच्या शिळावर्तुळांचा उल्लेख आहे. तिलोता खैरी आणि पिंपळगाव इथे तर महाराष्ट्रात दुर्मीळ असलेली शिलाकोष्ठे, म्हणजे उभ्या शिळांवर एक अवाढव्य शिळा आडवी टाकून केलेली दालने, अभ्यासकांनी नोंदवली आहेत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरला तशीच शिलाकोष्ठे आहेत. वर्तुळ, उंचवटा, शिलाकोष्ठ असे वेगवेगळे प्रकार एका नदीखोऱ्यात मिळावेत ही अभ्यासाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. हे लोक एक होते की अनेक, एका काळचे की एकामागून एक आलेले, त्यांची आपसांत देवघेव काय होती, हे प्रश्न वैनगंगेच्या दोन्ही काठांवरची ठिकाणे शिल्लक राहिली तरच विचारता येतील.

आणि भंडाऱ्यात पवनी आहे.

पवनीबद्दल मराठी वाचकाला जितके माहीत असायला हवे त्याच्या दशांशही नाही, याची मला खंत आहे. वैनगंगेच्या काठावरचे हे गाव. एका बाजूला नदी, उरलेल्या बाजूंना मातीचा भलामोठा तट आणि त्याबाहेर खंदक. तटावर पुढच्या काळात दगड-विटांची भर पडली, पण मूळ शरीर मातीचे. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या वतीने इथे खोदकाम केले. गावाबाहेरच्या जगन्नाथ टेकडीत आणि चंडकापूरच्या हरदोलाला टेकडीत बौद्ध स्तूप निघाले. त्यांचा व्यास सुमारे ३८ आणि ४१ मीटर. तुलनेसाठी सांगायचे तर सांचीच्या मुख्य स्तूपाचा व्यास ३६ मीटरांहून थोडा जास्त आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सांचीपेक्षा रुंद स्तूप होते आणि ते दोन हजार वर्षांहून जुने होते. त्यांच्या कठड्यांच्या खांबांवर दान देणाऱ्या साध्या माणसांची नावे ब्राह्मीत कोरलेली मिळाली. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प मिळाले, नावासकट. पुढे १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांनी पुन्हा उत्खनन केले.

पण मला पवनीत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक वेगळीच बाब. हरदोलाला टेकडीवरचा स्तूप एका जुन्या महापाषाणी वर्तुळाच्या जागेवर उभा राहिला, असा उत्खनन करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. आधी मृतांचे वर्तुळ, मग त्याच पवित्र जागेवर बुद्धाच्या धातूंसाठी रचलेला मातीविटांचा डोंगर. जगन्नाथ टेकडीवर त्यानंतर शेकडो वर्षांनी देऊळ आले आणि टेकडीला देवाचे नाव मिळाले. धर्म बदलला, भाषा बदलली, राजे बदलले. पण माणसांनी उभा केलेला उंचवटा हा मान देण्याची जागा आहे, ही समज टिकून राहिली. नवा संप्रदाय आला तरी त्याने जुना ढिगारा उपसून फेकला नाही, त्याच्यावर आपले काही चढवले. पूजेने या टेकड्या वाचवल्या असे मी म्हणतो तेव्हा ते भावनेच्या भरात म्हणत नाही. देऊळ असलेल्या टेकडीवरून कोणी मुरूम काढत नाही.

ज्या उंचवट्यावर देऊळ नाही, दर्गा नाही, ज्याच्याशी गावाची एखादी जत्रा बांधलेली नाही, त्याचे काय? विदर्भात या वर्तुळांना गवळ्यांची म्हणण्याची एक जुनी रीत होती. गवळ्यांच्या राजवटीच्या कथा, त्यांच्या गायींच्या दावणी. अशा कथा इतिहास नसतात. पण कथा असेपर्यंत गुराखी त्या दगडांवर बसताना थोडा जपून बसतो. कथा विझल्या आणि शास्त्र तिथवर पोहोचले नाही, अशा मधल्या काळात आपण आज आहोत. गडचिरोलीच्या माडिया गोंडांमध्ये मृतासाठी दगड उभा करण्याची चाल आजही जिवंत आहे, आणि त्यांच्या वस्तीत त्या दगडांना कोणी हात लावत नाही. तिथल्या माणसाला कायदा वाचून दाखवावा लागत नाही. प्राचीन वर्तुळे उभारणारे आणि आजचे माडिया यांच्यात सरळ वंशरेषा ओढण्याचा उतावळेपणा मी करणार नाही. पण मृताच्या दगडाला मान कसा द्यायचा हे शिकायचे असेल तर भंडाऱ्याच्या माणसाला फार लांब जायला नको.

कायदा आहे, आणि तो कमकुवतही नाही. १९५८ च्या केंद्रीय अधिनियमात प्राचीन स्मारकाची जी व्याख्या आहे तिच्यात इमारतीबरोबर मातीचा समाधी-ढिगारा आणि दफनाची जागा यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. वय किमान शंभर वर्षे असावे ही एक अट. राज्याचा १९६० चा अधिनियम त्याच धाटणीचा. २०१० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आली, त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आले, आणि स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. कागदावर पाहिले तर शिळावर्तुळ आणि ताजमहाल यांना एकच कवच आहे.

अडचण अशी की हे कवच घोषित स्मारकालाच मिळते. घोषित व्हायचे तर आधी यादीत यावे लागते, यादीत यायचे तर कोणीतरी पाहिलेले असावे लागते, आणि पाहिलेल्याची हद्द गट नंबरासह कागदावर यावी लागते. अभ्यासकाच्या प्रबंधात वर्तुळाचे नाव असते, नकाशावर ठिपका असतो. पण तलाठ्याच्या दप्तरात त्याच जागेवर फक्त ‘मुरमाड पड’ असे काही लिहिलेले असते. या दोन कागदांची भेटच होत नाही. मुरूम काढण्याची परवानगी २०१३ च्या गौण खनिज नियमांखाली मागितली जाते तेव्हा अर्ज कोणत्या गटाचा, जमीन कोणाची, स्वामित्वधन किती, हे तपासले जाते. त्या गटावर अडीच हजार वर्षांचे दफनस्थान आहे का, हा प्रश्न तिथल्या कर्मचाऱ्याच्या समोर येतच नाही. त्याला दोष देता येणार नाही. त्याच्या कागदावर ते नाही.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. स्वतःच्या शेतात वर्तुळ निघाले की जमीन गेली, घर बांधता येणार नाही, विहीर खणता येणार नाही, अशी भीती शेतकऱ्याला असते आणि ती पूर्णपणे खोटी नाही. मग कोणी येऊन पाहण्याआधी धोंडे बांधावर जातात. हे चोरून केलेले पाप नव्हे. चार एकरांच्या मालकाने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली धडपड आहे. वारशाचे संरक्षण गरीब शेतकऱ्याच्या माथी मारून सरकार मोकळे होत असेल तर तो वारसा वाचणार नाही, आणि तसा तो वाचावा अशी माझी इच्छाही नाही. पड जमीन सरकारी असेल तिथे सरकारने जपावे, खासगी असेल तिथे रीतसर मोबदला द्यावा किंवा बदली जमीन द्यावी.

जगात हा प्रश्न इतरांपुढेही आला आहे, आणि त्यातले एक उदाहरण मला भंडाऱ्याला फार उपयोगाचे वाटते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात न्यूअर्क नावाच्या गावी तिथल्या मूळ रहिवाशांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, म्हणजे पवनीचे स्तूप नांदते असताना, मातीचे अष्टकोन आणि वर्तुळे बांधली. माती टोपल्यांनी वाहून आणलेली, दगड जवळजवळ नाही. अष्टकोनाच्या रेषा चंद्रोदयाच्या १८.६ वर्षांच्या फेऱ्याशी जुळतात. १८४८ मध्ये स्क्वायर आणि डेव्हिस या दोघांनी त्या सगळ्या प्रदेशातील मातीकामांचे नकाशे छापले. स्मिथसोनियन संस्थेचे ते पहिले प्रकाशन. नांगर, कालवा, रेल्वे आणि वस्तीने पुढे त्यातले पुष्कळ पुसले, पण नकाशा राहिला. न्यूअर्कचा अष्टकोन मात्र १९१० पासून एका गोल्फ क्लबाला भाड्याने दिलेला होता. त्या पवित्र उंचवट्यांवर शंभर वर्षांहून अधिक काळ लोक चेंडू मारत राहिले. ती जागा परत घेण्याचा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०२२ मध्ये निकाल राज्याच्या इतिहास संस्थेच्या बाजूने लागला, सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने न्यूअर्कसह त्या ‘होपवेल’ संस्कृतीच्या मातीकामांना जागतिक वारसा म्हटले, आणि २०२५ च्या सुरुवातीला क्लब निघून तो परिसर लोकांसाठी खुला झाला.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या थॉर्नबरोची कथा तर आपल्या मुरमाच्या अगदी जवळची. तिथे एका ओळीत मातीची तीन प्रचंड वर्तुळे आहेत, प्रत्येकी सुमारे २४० मीटर व्यासाची, साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीची. आजूबाजूच्या जमिनीत वाळू आणि खडी असल्याने खाणवाले भोवती पोहोचले होते. स्थानिकांनी वर्षानुवर्षे लढा दिला. शेवटी २०२३ मध्ये दोन वर्तुळे आणि २०२४ मध्ये तिसरे सार्वजनिक मालकीत आले, त्यातली पहिली दोन तर खाणकाम करणाऱ्या कंपनीकडूनच दान म्हणून.

या दोन्ही ठिकाणी वाचवण्याआधी मोजले गेले, आणि वाचवताना स्थानिक माणूस उभा राहिला. निधी, पर्यटन, मानांकन हे सगळे मागून आले. आपल्याकडे क्रम उलटा चालतो. एखादे ठिकाण गाजले की आधी कमान येते, पेव्हर ब्लॉक येतात, रोषणाई येते. शिळावर्तुळाला यातले काही नको. काही थोड्या, निवडक ठिकाणी कुंपण आणि रखवालदार असावा. बाकीच्यांना कुंपणसुद्धा नको. कुंपणाचे पैसे संपतात, खांब चोरीला जातात, आणि आत काहीतरी दडले आहे अशी अफवा तेवढी उठते. सोन्याच्या आशेने वर्तुळे उकरणारे लोक मुरूमवाल्यांइतकेच घातक आहेत. त्यांना सांगायला हवे की या वर्तुळांत मिळते ते मुख्यतः फुटके खापर आणि गंजलेले लोखंड, आणि त्यांचे मोल फक्त ते जागच्या जागी असण्यात आहे.

सगळी वर्तुळे घाईघाईने खोदून काढावीत, अशीही एक मागणी अधूनमधून होते. मला ती अजिबात पटत नाही. खोदलेले वर्तुळ परत भरता येते, पण परत वाचता येत नाही. आज हाडातून आहार कळतो, दातातून जन्मभूमी कळते, मातीच्या कणातून तिच्यावर शेवटचे ऊन कधी पडले ते कळते. पन्नास वर्षांपूर्वी यातले बरेचसे शक्य नव्हते. पन्नास वर्षांनंतर आणखी काय शक्य होईल ते त्या वेळच्या अभ्यासकांसाठी शिल्लक ठेवावे. एका समूहातली एक-दोन वर्तुळे उघडावीत, बाकीची तशीच झाकलेली असू द्यावीत.

मग करायचे काय? माझा सगळा भर गावाच्या कागदावर आहे, आणि त्यासाठी विदर्भाला एक सोय मुद्दाम मिळालेली आहे. जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तारपत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जची तरतूद आहे. मालगुजारीच्या काळापासून चालत आलेली ही रीत. गावाचे सरपण कुठले, चराई कुठली, मढे कुठे जाळायचे वा पुरायचे, तलावाच्या पाण्यावर कोणाचा हक्क, हे सगळे त्यात लिहिलेले असते. दफनभूमी हा निस्ताराचा जुनाच विषय आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीला त्यात जागा का मिळू नये? वर्तुळाच्या गटावर तशी नोंद झाली की मुरमाच्या अर्जावर अहवाल देताना मंडळ अधिकाऱ्याला ती दिसेल, आणि परवानगी देणाऱ्याला विचार करावा लागेल.

जमीन वनाची असेल तिथे वनहक्क कायदा, २००६ मदतीला आहे. त्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला आपल्या परिसरातील सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाची नासधूस रोखण्याचा अधिकार दिला आहे. त्यात भर म्हणजे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाला वन मानण्याचा निर्णय दिला. सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा हा प्रश्न विकासाच्या आणि घरांच्या बाजूने पुष्कळ चर्चिला गेला, ते योग्यच झाले. पण याच जमिनींच्या पोटात विदर्भाचे महापाषाणयुग आहे, हे त्या चर्चेत मला कुठे ऐकू आले नाही. झुडपी जंगलाच्या याद्या पुन्हा तपासल्या जातील तेव्हा प्रत्येक तुकड्यावर वर्तुळे, शिलाकोष्ठे, जुन्या वस्तीची पांढरी किंवा रीठ आहे का, हा एक रकाना त्या याद्यांत घालणे सरकारला कठीण नाही. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, लागते ती एक सूचना आणि पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाशी जोडलेली तपासणी.

भंडाऱ्याच्या माणसाला मातीचे काम म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने शेकडो वर्षे उतार ओळखून, माती पारखून तलावांच्या पाळी बांधल्या. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावचा तलाव बांधणाऱ्या कोलू पटेलाचे नाव आजही घेतले जाते. त्या पाळी मातीच्याच आहेत आणि त्यांना कोणी मातीचा ढीग म्हणत नाही, कारण त्यांच्यामागचे कसब आणि त्यांचे पाणी लोकांना दिसते. मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, माजी मालगुजारी म्हणजे ‘मामा’ तलाव हे नाव उरले आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाची हे कळेनासे झाले तेव्हा त्यातले कित्येक गाळाने भरले. मालक नसलेल्या मातीकामाचे काय होते याचा अनुभव या जिल्ह्याने अशा रीतीने एकदा घेतलेला आहे. वर्तुळांच्या बाबतीत तो दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आणू नये. गाळ उपसून तलाव पुन्हा उभा करता येतो. उपसलेले वर्तुळ पुन्हा उभे करता येत नाही.

शाळांनी यात मोठे काम करावे असे मला मनापासून वाटते. सहावीच्या मुलांना आपण हडप्पा शिकवतो, ते शिकवावेच. पण पवनी तालुक्यातल्या मुलाला हरदोलाला टेकडीवरचा स्तूप सांचीपेक्षा रुंद होता हे माहीत नसावे आणि आपल्या गावच्या माळावरचे गोल धोंडे कोणी मांडले हे त्याने कधी विचारू नये, ही शिक्षणाची मोठी उणीव आहे. एक दोरी, एक मोजपट्टी, मोबाइलवरचे ठिकाण आणि चार दिशांनी घेतलेली चार छायाचित्रे एवढ्यावर सातवी-आठवीची मुले एका वर्तुळाची चांगली नोंद करू शकतात. अट एकच: कशालाही हात लावायचा नाही, खापराचा तुकडाही खिशात घालायचा नाही. ती नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात जावी, तिची एक प्रत तहसीलला आणि एक पुरातत्त्व खात्याला जावी. स्क्वायर आणि डेव्हिस यांनी ओहायोत केले त्याहून हे काही वेगळे नाही.

कर्नाटकाने हिरेबेनकल या महापाषाणी स्थळाचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२१ मध्येच नेले. विदर्भाच्या वर्तुळांनी त्या वाटेला लागावे असे कोणाला वाटत असेल तर माझा विरोध नाही. पण ती वाट दिल्लीतून सुरू होत नाही.

भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली यांतल्या ज्या वाचकांच्या गावच्या पडीत, झुडपी जंगलात किंवा शेताच्या कडेला असे दगड आणि असा उंचवटा आहे, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत गट नंबर घालून एक ठराव मांडावा: या जागेवरून मुरूम निघणार नाही, आणि हिची नोंद निस्तारपत्रकात व्हावी. ठरावाची प्रत तहसीलदारांकडे द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.